नऊ नावांची वही

आयर्लंडमधल्या एनिस गावातल्या आमच्या घरात सकाळ मेलेल्या माणसांच्या नावांनी सुरू व्हायची. नाश्त्याच्या वेळी तिथल्या रेडिओवर एक बाई त्या भागात वारलेल्यांची नावं वाचून दाखवायची. अमुक अमुक, अमुक गावचे, घरच्यांच्या सहवासात शांतपणे गेले. साथीच्या नियमांमुळे अंत्यविधी घरच्यांपुरता. ज्यांना निरोप द्यायचा आहे त्यांनी रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभं राहावं. बाईचा आवाज इतका सौम्य होता की ती हवामानच सांगते आहे असं वाटावं. आजोबा हा कार्यक्रम कधी चुकवत नसत. हातात चहाचा कप, समोर बशीत दोन मारी बिस्किटं, आणि कान रेडिओकडे. आई ओट्याशी माझा डबा भरत असायची, शाळा बंद असली तरी सवयीनं. ती दर दोन-तीन दिवसांनी म्हणायची, "बाबा, सकाळी सकाळी हे काय अशुभ ऐकता?" आजोबा म्हणायचे, "अगं, लोकं गेलेत. कोणी तरी ऐकावं." आणि बिस्किट बुडवायचे.

आजोबा म्हणजे माझ्या आईचे वडील. आजी गेल्यावर नागपुरात एकटे नकोत म्हणून आईनं त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं, आणि ते आले त्याच्या पुढच्याच महिन्यात सगळं जग बंद झालं. तीनाचे सहा महिने झाले, सहाचं वर्ष उलटलं. त्यांनी आणलेली लोणच्याची बरणी संपली, औषधं संपली, आणि मला वाटतं बोलणंही संपलं. मुळातच ते कमी बोलायचे. जेवताना "अजून थोडं वरण" आणि जेवण झाल्यावर "छान झालं होतं" एवढंच. पप्पा शॅनन गावाच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनिअर होते, तिथे रुग्णालयात लागणाऱ्या नळ्या तयार होत, त्यामुळे त्यांचं काम एक दिवसही थांबलं नाही. आई रुग्णालयाच्या लॅबमध्ये होती. म्हणजे दिवसभर घरात आजोबा आणि मी. मी तेरा वर्षांची होते. मला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून आमच्या क्लेअर परगण्याच्या उच्चारातलं इंग्रजीच यायचं. बोलण्यापुरतं मराठी मी फार उशिरा शिकले, आईचं म्हातारपण आलं आणि तिचं इंग्रजी हळूहळू निघून जायला लागलं तेव्हा. तेव्हा इथे मी जे स्वतःच्या तोंडी मराठी घालते आहे, ते त्या मुलीचं नाही, या म्हातारीचं आहे.

त्या वर्षी प्रत्येकजण दुसऱ्याकडे संशयानंच बघत होता. दुकानात कुणी खोकलं की रांग मागे सरकायची. गल्लीत डब्लिनच्या नंबराची गाडी उभी दिसली की चार घरांचे पडदे हलायचे. आई कामावरून आली की बाहेरच्या खोलीत कपडे बदलायची, दारांच्या मुठी पुसायची, आणि पप्पांना विचारायची, "आज कोणाजवळ उभे होतात?" मला ते सगळं भयंकर आवडायचं, हे आज कबूल करायला हरकत नाही. घरात कोंडलेल्या मुलीला कुणावर तरी नजर ठेवायचं काम मिळालं होतं. आधी मी समोरच्या घरातल्या जोडप्यावर ठेवली, मग कचऱ्याच्या गाडीवाल्यावर. आणि मग आजोबांवर.

सुरुवात पांढऱ्या शर्टापासून झाली. आजोबा एरवी घरात स्वेटर आणि ढगळ पँट घालायचे. एका दुपारी साडेचारला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि काळा टाय घालून जिना उतरले. केस पाण्यानं चापून बसवलेले. हातात स्टीलचा छोटा डबा. "जरा फिरून येतो गं," म्हणाले. टाय लावून इस्टेटीत, म्हणजे आमच्या घरांच्या वसाहतीत, फिरायला कोण जातं? तासाभरानं परत आले तेव्हा डबा रिकामा होता आणि त्यांचे डोळे लाल होते. मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "वारा आहे खूप." मी खिडकीतून पाहिलं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच शर्ट, तोच टाय. या वेळी मी स्वयंपाकघरातला प्रेस, म्हणजे कपाट, उघडून पाहिला. आदल्या दिवशी आजोबांनी स्वतः केलेल्या सांबारवड्यांपैकी निम्म्या गायब होत्या. सांबार म्हणजे नागपूरकडे कोथिंबीर. दुकानात ती प्लास्टिकच्या पिशवीत चार काड्या मिळायची, आणि आजोबा पप्पांना सहा-सात पिशव्या आणायला लावून तासन् तास निवडत बसायचे. असल्या वड्या ते कुणाला नेऊन देत होते?

कुणाला ते लवकरच कळलं. आमच्या भिंतीला भिंत लागून डेनिस नावाचे गृहस्थ एकटेच राहायचे. सत्तरी ओलांडलेले, उंच, वाकलेले, तरुणपणी अमेरिकेत जाऊन तीस वर्षं बस चालवून परत आलेले. आईला ते पहिल्यापासून आवडत नव्हते. एकदा त्यांनी आमच्या दारात घरचा ब्रेड ठेवला होता, तो आईनं पिशवीसकट पुसला आणि मग तरीही टाकून दिला. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांत उंच कुंपणाची झुडपं होती. एका दुपारी मी तिथे वाकून बसले आणि पलीकडून डेनिसचा आवाज ऐकला.

"डच गेला, विन्स."

"अरेरे," आजोबांचा आवाज आला. "मला वाटलं होतं, आधी प्रोफेसर जाईल."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण युअर मॅन डच, काय पठ्ठ्या! त्या वर्षी चाळीस वेळा चोरी केली त्यानं, आणि पकडला गेला दोनदाच."

"तीनदा," आजोबा म्हणाले. "तिसऱ्या वेळी मी तिथेच होतो."

दोघं हसले. मी झुडपात आणखी खाली वाकले. माझ्या आजोबांचं नाव वसंत होतं. त्यांना विन्स म्हणणारा हा माणूस कोण? आणि चाळीस चोऱ्या करणारा, तिसऱ्या वेळी पकडला गेलेला तो डच कोण, ज्याला पकडलं तेव्हा माझे आजोबा तिथे हजर होते? शिवाय आजोबा अस्खलित इंग्रजी बोलत होते, तेही अमेरिकेतल्यासारखं. आमच्याकडे तर पोस्टमनला "थँक्यू" म्हणतानासुद्धा ते अडखळायचे.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. उशीखाली एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. आत एकाच पानावर त्यांच्या बारीक, सरळ देवनागरी अक्षरात नऊ नावं होती. डच. प्रोफेसर. लेफ्टी. बुचर. डीकन. मला देवनागरी अक्षर लावून वाचावं लागायचं, त्यामुळे प्रत्येक नाव मी ओठ हलवत वाचलं आणि प्रत्येक नावाबरोबर जास्तच घाबरले. प्रत्येकापुढे वय लिहिलेलं होतं. एक्क्याऐंशी. सत्याहत्तर. त्र्याऐंशी. पाच नावांवर रेघ मारलेली होती. डचवरची रेघ ताजी होती, शाई अजून चमकत होती. मी ती नावं इंटरनेटवर शोधली, पण नुसत्या टोपणनावांनी काय सापडणार? खाटिकांची दुकानं आणि चर्चचे पत्ते आले.

मी निष्कर्ष काढला तो असा: आजोबा कोणे एके काळी अमेरिकेत एका टोळीत होते. त्या टोळीतले लोक एकामागून एक मरत होते, किंवा मारले जात होते. डेनिस त्यांना बातम्या पुरवत होता. आणि आधी कोण जाणार यावर दोघं पैज लावत होते. हे सगळं आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. आजोबा कधी काळी अमेरिकेत होते एवढं मला माहीत होतं. आई लहान असताना त्यांच्या कंपनीनं त्यांना धातूच्या ओतकामाचं प्रशिक्षण घ्यायला दीड वर्षासाठी पाठवलं होतं. त्या काळाविषयी घरात कुणी बोलत नसे. विचारलं तर आई एवढंच म्हणायची, "तेव्हा आईनं खूप सोसलं," आणि विषय बदलायची.

मी दोन दिवस दम धरला, मग आईला सांगितलं. ती नुकतीच कामावरून आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. मी वहीचं पान फोनवर टिपलं होतं, ते दाखवलं. मला वाटलं होतं ती मला आधी कुणाच्या उशीखाली हात घातल्याबद्दल रागावेल. ती फोटो मोठा करून करून बघत राहिली.

"तो बाबांना विन्स म्हणाला? नक्की?" तिनं विचारलं.

"दोनदा."

"आणि बाबा त्याच्या घरात जातात?"

"घरात नाही. मागच्या शेडमध्ये. तासभर असतात."

पप्पा सोफ्यावरून म्हणाले, "अगं, दोन म्हातारी माणसं गप्पा मारत असतील. ग्रँड आहे, काही बिघडलं नाही. कशाला वाढवतेस?" आई त्यांच्याकडे वळली. "मी रोज काय बघून येते ते तुम्हाला माहीत आहे का? त्या बंद शेडमध्ये तो माणूस बाबांना बसवतो. आणि हे काय आहे? कोणाची नावं आहेत ही? एकटा पडलेला म्हातारा माणूस कोणाच्याही नादी लागतो." तिला टोळीचा संशय नव्हता. कुणीतरी बाबांना एखाद्या पंथात, एखाद्या भोंदूच्या जाळ्यात ओढतं आहे असं तिला वाटत होतं. पण तिचा संशय माझ्यापेक्षा जास्त खोल होता, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती फोटो बघत होती तशी मी तिला फक्त एकदाच काही बघताना पाहिलं होतं, आजीचे कागद चाळताना.

आम्हाला जास्त वाट पाहावी लागली नाही. पुढच्या शुक्रवारी साडेचारला आजोबा पांढरा शर्ट घालून उतरले. आई लवकर घरी आली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती वरच्या खोलीत होती. ते गेल्यावर पाच मिनिटांनी तिनं मास्क लावला आणि मला म्हणाली, "तू इथेच थांब." मी थांबले नाही.

डेनिसच्या शेडचं दार सताड उघडं होतं. आई दाराच्या बाहेर थबकली, तिच्या मागे मी. आत एका टोकाला डेनिस बसले होते, दुसऱ्या टोकाला आजोबा, मध्ये गवत कापायचं यंत्र आणि रंगाचे डबे. डबा उघडा होता, सांबारवड्या मांडलेल्या. एका फळीवर टॅबलेट उभा केला होता आणि त्यात आठ-दहा म्हातारे चौकोनाचौकोनांत दिसत होते. कुणी स्वयंपाकघरात, कुणी अंथरुणात, एकाच्या नाकात ऑक्सिजनची नळी. सगळ्यांनी टोप्या काढून छातीशी धरल्या होत्या. सगळ्या टोप्या एकाच रंगाच्या, जुनाट, विटलेल्या. आजोबा उभे होते आणि बोलत होते. आमच्या घरात वरणापलीकडे न बोलणारे आजोबा हात हलवून, आवाज चढवून, थांबून, श्वास घेऊन बोलत होते. बुचर नावाच्या माणसाबद्दल. हातात ग्लोव्ह घालून धुळीत गुडघ्यावर बसणारा, चेंडू झेलताना बोट मोडलं तरी त्या दिवशी मैदान न सोडणारा. बुचर आदल्या दिवशी कुठल्याशा वृद्धाश्रमात वारला होता, एकटा. काचेपलीकडून मुलगी बघत होती. त्याच्या अंत्यविधीला कुणाला जाता येणार नव्हतं. म्हणून हे लोक जमले होते. वहीतले ते नऊ जण बेसबॉलचे खेळाडू होते. एका शहराच्या एका वर्षाच्या संघातले. आणि ही त्यांना मैदानाच्या स्वस्त बाकांवरून बघणारी माणसं, त्यांचे चाहते, जी त्यांना कधी भेटलीसुद्धा नव्हती; डेनिसनी बस चालवली तीही त्याच शहरात.

माझा सगळा डोलारा एका क्षणात कोसळला; डचच्या चोऱ्यासुद्धा खेळातल्याच, चेंडू टाकणाऱ्याची नजर चुकवून पुढचा बेस पळत गाठण्याच्या. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही. मी आईचा हात ओढला, आता जाऊ या म्हणून. तेवढ्यात नाकात नळी असलेला म्हातारा हसत म्हणाला, "विन्स, तुला आठवतं? एप्रिलमध्ये तुझं विमान होतं. तू साहेबाकडे जाऊन स्वतः सहा महिने मागून घेतलेस. म्हणालास, मोसम संपेपर्यंत मी काही घरी जात नाही!"

सगळे हसले. आजोबाही हसले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं.

आईचा हात माझ्या हातात होता, म्हणून मला कळलं की तो आधी घट्ट झाला आणि मग सुटला. ती वळली आणि घरी आली. मास्क काढायचीही विसरली. पप्पा कामावरून आल्यावर ओट्याशी उभी राहून तिनं त्यांना सांगितलं ते मी जिन्यावरून ऐकलं. ते सहा महिने. आई तीन वर्षांची होती. पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला, एकवीस दिवस ताप, सगळे केस गेले. सासरच्या घरात आजी एकटी, दोन वेळा सायकलरिक्षातून तिला मांडीवर घेऊन डॉक्टरकडे. आणि नागपूरच्या घरात आयुष्यभर एकच वाक्य सांगितलं गेलं: कंपनीनं सोडलं नाही. "मी त्या कंपनीला शिव्या देत मोठी झाले," आई म्हणाली. "शाळेत निबंध लिहिला होता मी. कंपनीवर."

आठ दिवस ती आजोबांशी बोलली नाही. जेवण वाढायची, औषधाच्या गोळ्या काढून ठेवायची, बोलायची नाही. आजोबांनी रेडिओ लावणं बंद केलं. सकाळी स्वयंपाकघरात फक्त किटलीचा आवाज. डेनिस एकदा फाटकाशी आले, लांब उभे राहून मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, आम्ही आता बाहेर बसू, उघड्यावर. आणि माझं काही चुकलं असेल तर..." मी दार लावून घेतलं. मला कुणाच्याच तोंडाकडे बघवत नव्हतं. चोरून ऐकलं मी, वही उघडली मी, आईला नेलं मी. पुढे आयुष्यात मला अनेकदा एखाद्या बंद दारापलीकडे काय चाललं आहे ते बघायचा मोह झाला, आणि दर वेळी त्या आठ दिवसांतली ती किटली ऐकू आली. तरी मी काही वेळा दार उघडलंच. सवय जात नाही.

त्या नऊपैकी शेवटचा, प्रोफेसर, पुढे दोन वर्षं जगला. तोवर आजोबा नागपूरला परतले होते. ही गोष्ट मात्र नवव्या दिवसाची आहे.

रविवारची दुपार. पप्पा कामावर. आजोबा टेबलाशी सांबार निवडत बसले होते आणि आई कणीक मळत होती. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. आईनं कणकेचा गोळा झाकला, हात धुतले, आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"कंपनीनं नव्हतं ना थांबवलं?"

"नाही," आजोबा म्हणाले. "मीच अर्ज केला होता."

"माझं आजारपण तुम्हाला कधी कळलं?"

"पत्र आलं तेव्हा तू बरी झाली होतीस. तरी यायला पाहिजे होतं. हाव. यायला पाहिजे होतं." हो म्हणताना ते नागपूरकडचं हाव म्हणायचे.

"काय होतं हो तिथे एवढं?"

 आजोबा बोलायला लागले. ओतशाळेतल्या धगीबद्दल, पत्र्याच्या खोलीबद्दल, पहिल्या हिवाळ्यात चार महिने कुणाशी मराठीचा एक शब्द न बोलल्याबद्दल. मग एका शनिवारी बरोबरच्या कामगारानं मैदानावर नेलं. खेळ कळत नव्हता. शेजारच्या अनोळखी माणसानं शेंगदाण्याची पुडी त्यांच्या हातात दिली, म्हणाला, धर जरा, आणि उठून ओरडायला लागला. "मी धरून बसलो," आजोबा म्हणाले. "घरी मी चार भावांतला तिसरा. कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, कोणाचा बाप. तिथं कोणी काही विचारलं नाही. नाव विचारलं, त्यांना वसंत म्हणता येईना, म्हणून विन्स. बस. दर शनिवारी तो माणूस माझी जागा धरून ठेवायचा. मला कोणी जागा धरून ठेवते, हेच मला पुरत होतं. मग तुझ्या आईला काय लिहू? तिकडे मी खूश आहे असं लिहू?"

"मला माफ करता येणार नाही," आई म्हणाली. "निदान आत्ता तरी नाही."

"नको करू," आजोबा म्हणाले.

तिनं त्यांच्यापुढची जुडी ओढली आणि काड्या मोडायला लागली. थोड्या वेळानं, मान वर न करता, विचारलं, "आणि मग? जिंकले का?"

"कोण?"

"तुमचे ते नऊ जण. सहा महिने थांबलात ना त्यांच्यासाठी."

आजोबांनी मान खाली घातली. "नाही ना. हरले."

"हरले?"

"हाव. शेवटच्या दिवशी. एका रननं."

आईनं हातातली काडी टेबलावर ठेवली. तिच्या तोंडातून आधी एक विचित्र आवाज आला, मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. आधी बारीक, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एका रननं!" ती म्हणत होती. "एवढं सगळं करून, बाबा, एका रननं!" आजोबाही हसायला लागले, अपराध्यासारखे, तोंडावर हात धरून.

मग ती थांबली. "आईला सांगितलं होतं तुम्ही कधी हे? हरल्याचं?"

आजोबांनी नकारार्थी मान हलवली.

"सांगायचं होतं हो," आई म्हणाली. "महिनाभर बोलली नसती तुमच्याशी. पण हे ऐकून हसली असती. तिला हसायला किती आवडायचं."

"हाव," आजोबा म्हणाले. त्यांनी समोरचा सांबार दोन्ही हातांनी गोळा केला, पुन्हा पसरला, पुन्हा गोळा केला, आणि निवडायचं काहीच उरलं नव्हतं तरी किती तरी वेळ निवडत बसले.